पोर्टेबल पॅडलची केबल आणि पिन: दुरुस्ती, बदल आणि एकदाचा पक्का तोडगा

पॅडल म्हणजे हौशी रेडिओवर मोर्स कोड पाठवायची दोन पात्यांची कळ: एका पात्याने डिट (टिंब) जातो, दुसऱ्याने डा (रेघ). तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. दोन पाती, त्यांचे संपर्कबिंदू, एखादी स्प्रिंग किंवा चुंबक. पोर्टेबल पॅडल बंद पडतं तेव्हा बहुतेक वेळा केबल गेलेली असते, आणि तीही मधे कुठे तुटत नाही. पिनच्या मागचे दोन सेंटिमीटर किंवा पॅडलच्या पेटीतून तार बाहेर येते ती जागा, या दोनच ठिकाणी ती मरते. सोल्डर तापलं की तारेच्या पदरांमधून इन्सुलेशनखाली वर चढतं आणि तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो. त्याच्या पुढची तार मऊ. सॅकमधून काढघाल करताना प्रत्येक वाक नेमका त्या ताठ आणि मऊ भागाच्या सीमेवर पडतो, आणि तिथला एकेक पदर तुटत जातो.

पॅडल, केबल आणि रिग (रेडिओ संच) या तिघांत सगळ्यात स्वस्त केबल. रिगमधला जॅक, म्हणजे पिन खोचायचं भोक, सर्किट बोर्डावर बसवलेला असतो; तो उखडला तर रिग उघडावी लागते. पॅडलचे बिंदू सरकले तर पुन्हा जुळवण्यात संध्याकाळ जाते. म्हणून मोडायचंच असेल तर केबलने मोडावं, आणि ती डोंगरावर बसल्या जागी, सोल्डरिंग आयर्नशिवाय बदलता यावी. खालची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे.

जोडणीचा नियम

३.५ मिमीच्या स्टिरिओ पिनवर तीन भाग असतात. टोकाला टिप, मधला पट्टा रिंग आणि मुळाशी स्लीव्ह. पॅडलसाठी सर्वमान्य जोडणी अशी: टिप म्हणजे डिट, रिंग म्हणजे डा, स्लीव्ह म्हणजे कॉमन (दोघांची सामायिक तार). उजव्या हाताने चालवणाऱ्याचा अंगठा डिटवर आणि तर्जनी डावर येते. डावखुऱ्यांनी जोडणी उलटी करू नये, रिगच्या मेन्यूत पॅडल उलटं करून घ्यावं. नाहीतर फील्ड डेच्या (हौशी रेडिओवाल्यांनी एकत्र येऊन उघड्यावर रेडिओ चालवायच्या) दिवशी तुमचं पॅडल दुसऱ्याच्या रिगला लावलं की सगळं उलटं वाजतं, आणि आयत्या वेळी दोष कुठे आहे हे कोणालाच कळत नाही.

पिनवर काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असले तर ती तीन संपर्कांची, आपल्या कामाची. तीन पट्टे असले तर ती मोबाइलच्या हेडसेटची चार संपर्कांची पिन. एक पट्टा असेल तर मोनो. मोनो पिन स्टिरिओ जॅकमध्ये घातली की तिचा लांब स्लीव्ह रिंगच्या संपर्कालाही टेकतो, म्हणजे डा कायमचा दाबलेला. कीअर (रिगमधलं, डिट आणि डा आपोआप मोजून पाठवणारं सर्किट) चालू असेल तर रिग डा-डा-डा करत सुटते. स्ट्रेट की (एकाच दांड्याची साधी मोर्स कळ) लावणाऱ्यांनाही म्हणून स्टिरिओ पिनच वापरायला सांगावं: टिप आणि स्लीव्ह जोडायचा, रिंग मोकळी सोडायची.

आधी दोष शोधा

प्रक्षेपणात दोष कसा ऐकू येतो ते माहीत असलेलं बरं. ‘५’ पाठवलं की ‘एच’ जातो, कारण पाचवा डिट गळाला. ‘ओ’चा ‘एम’ होतो. दोन्ही पाती एकत्र दाबली की डिट-डा-डिट-डा असं आलटून पालटून यायला हवं. त्याऐवजी नुसते डिट येत राहिले तर डाची तार गेली. दर मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डिट ६० मिलिसेकंदांचा असतो (१२०० भागिले वेग, हे सूत्र लक्षात ठेवा). एवढ्या छोट्या वेळात तुटका पदर क्षणभर जरी सुटला तरी कीअर तेवढं अक्षर खातो. ऑपरेटरला वाटतं आपला हात बिघडलाय. हात ठीक असतो, केबल बिघडलेली असते.

मल्टिमीटर बजरवर ठेवा. पॅडल रिगमधून काढा. एक टोक टिपला, दुसरं स्लीव्हला. डिटचं पातं दाबलं की बजर वाजला पाहिजे, सोडलं की गप्प. तसंच रिंग आणि स्लीव्ह यांच्यात डासाठी. टिप आणि रिंग यांच्यात, कुठलंच पातं न दाबता, काहीही वाजता कामा नये. ओहमवर घेतलंत तर आकडा १ ओहमच्या आत हवा, त्यातले काही दशांश तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचेच असतात.

आता खरी परीक्षा. डिटचं पातं रबरबँडने दाबलेलं ठेवा, बजर अखंड वाजू द्या, आणि पिनपासून सुरुवात करून केबल दर सेंटिमीटरला दोन्ही बाजूंनी वाकवत जा. जिथे आवाज तुटतो तिथे तार तुटलेली. मग डासाठी पुन्हा. पिनजवळ आवाज तुटला तर पिन बदला. पेटीजवळ तुटला तर पॅडल उघडावं लागेल.

केबल कुठेही वाकवली तरी आवाज अखंड, पण पातं दाबताना मात्र खरखर, असं असेल तर दोष संपर्कबिंदूंचा. रिगच्या पॅडल लाइनवर साधारण ३.३ किंवा ५ व्होल्ट असतात आणि करंट अगदी किरकोळ. एवढ्याशा करंटला बिंदूवरचा ऑक्साइडचा किंवा घामाचा पातळ थर जाळता येत नाही. साध्या कागदाच्या पट्टीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक थेंब घ्या, ती बिंदूंमध्ये सरकवा, पातं हलकं दाबा आणि पट्टी ओढून काढा. पट्टी स्वच्छ येईपर्यंत असंच करा, शेवटी कोरडी पट्टी. पॉलिशपेपर किंवा कानस अजिबात लावू नका. बिंदूवर सोन्याचा मुलामा असेल तर तो एका फटक्यात जातो.

बाजारातून काय आणायचं

आपल्याकडच्या दुकानांत ३.५ मिमी पिनला ‘ईपी’ आणि ६.३५ मिमीला ‘पी-३८’ म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘ईपी स्टिरिओ मेल, मेटलची’ असं मागा. प्लॅस्टिकच्या टोपणाची घेऊ नका: तिची चूडी (आटे) दोनचार वेळा उघडली की झिजते आणि आत केबलला धरून ठेवणारं काही नसतं. पिन हातात घेऊन टोपण उघडा आणि तीन गोष्टी बघा. केबल पकडणारे दुमडायचे कान जाडसर आहेत का, आत इन्सुलेशनची पारदर्शक नळी आहे का, आणि टिप पकडून हलकं फिरवल्यावर ती डुगडुगते का. डुगडुगली तर दुसरी मागा. चांगल्यातली हवी असेल तर रीन कंपनीची एनवायएस२३१ ही पिन डोळे झाकून घ्यावी. सोन्याचा मुलामा असला तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते पिनचं माप अचूक असणं आणि ती जॅकमध्ये घट्ट बसणं.

पिनच्या अंगाची जाडी रिगवर लावून बघायला विसरू नका. ज्या रिगचा जॅक पॅनेलच्या आत दबलेला असतो, किंवा रिगला वरून संरक्षक कव्हर घातलेलं असतं, तिथे जाड टोपणाची पिन पूर्ण आत जात नाही. एखादा मिलिमीटर बाहेर राहिली की रिंगचा संपर्क पट्ट्याच्या काठावर बसतो, आणि डा कधी लागतो कधी नाही. अशा रिगसाठी सडपातळ टोपणाची पिन शोधावी लागते. रिगच्या बाजूला काटकोनी पिन घेतलेली केव्हाही चांगली. सरळ पिन बाहेर आलेल्या दांड्यासारखी असते, गुडघा किंवा सॅकचा पट्टा लागला की सगळा जोर जॅकवर येतो.

केबल दोन कोअर (आतल्या इन्सुलेशनच्या तारा) अधिक शील्ड (त्यांच्याभोवतीची तारांची जाळी), बाहेरून २.५ ते ३ मिमी. माइकची ६ मिमीची केबल टिकाऊ असते हे खरं, पण हलक्या पॅडलला ती जड पडते: केबल सरळ व्हायला बघते आणि पॅडल टेबलावरून फिरतं. सिलिकॉन इन्सुलेशनची, बारीक पदरांची तार मिळाली तर फारच छान, थंडीतही ती ताठरत नाही आणि सोल्डर करताना तिचं इन्सुलेशन वितळून मागे सरकत नाही. लांबी ४५ ते ६० सेंमी पुरे. मांडीवरच्या पाटीवर रिग आणि पॅडल शेजारी शेजारी असतील तर २५ सेंमीसुद्धा चालते. मीटरभर केबल म्हणजे पायात अडकायला आमंत्रण.

बाकी सामान घरात असतंच: २५ वॉटचं आयर्न, ०.८ मिमीचं ६०/४० रोझिन कोअर सोल्डर, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप), आणि श्रिंक नळ्या (तापवल्या की आकसणाऱ्या). आतल्या कोअरसाठी १.५ मिमी, बाहेरून ४.८ आणि ६.४ मिमीच्या, शक्यतो आत गोंद असलेल्या आणि तिप्पट आकसणाऱ्या.

पिन बदलणं

साच्यात ओतलेली पिन उघडून दुरुस्त होत नाही. तुटलेल्या जागेपासून पॅडलच्या बाजूला तीन सेंटिमीटरवर केबल कापा आणि आतलं तांबं बघा. लालसर चकचकीत असेल तर पुढे जा. काळं किंवा हिरवट असेल तर ओल आत शिरलेली आहे. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर वापरलेल्या केबलींत हे सर्रास दिसतं. काळ्या पडलेल्या तारेला सोल्डर धरत नाही, गोळा होऊन घरंगळतं. दोन दोन सेंटिमीटर कापत मागे जा. पंधरा सेंटिमीटर कापूनही काळंच निघालं तर ती केबल टाकून द्या.

सोल्डर करण्याआधी पिनचं टोपण, आतली इन्सुलेशन नळी आणि श्रिंक नळ्या केबलवर ओवून मागे सरकवून ठेवा. ही पायरी विसरणार नाही असं प्रत्येकाला वाटतं, आणि प्रत्येकजण कधी ना कधी विसरतो. मग नीट झालेला जोड पुन्हा उखडावा लागतो.

पिनचे कुठले पाय कुठल्या भागाचे हे डोळ्यांनी ठरवू नका. सगळ्यात लांब कान स्लीव्हचा असतो हे खरं, पण टिप आणि रिंगचे छोटे पाय वेगवेगळ्या पिनांत वेगवेगळ्या बाजूला येतात. बजर लावून खात्री करा आणि मार्करने ठिपका द्या. केबलच्या बाजूलाही तेच. बाजारच्या ऑडिओ केबलमध्ये लाल बहुधा रिंगला आणि पांढरी किंवा हिरवी टिपला असते, पण पॅडल बनवणाऱ्याने तेच पाळलं असेल याची हमी नाही. डिटचं पातं दाबून कुठल्या दोन तारा जुळतात ते मीटरला विचारा.

बाहेरचं आवरण १२ मिमी सोला, आतल्या कोअर फक्त ३ मिमी. शील्डचे पदर एका बाजूला घेऊन घट्ट पीळ द्या. एकसुद्धा मोकळा पदर राहिला तर तोच पुढे रिंगला टेकून डा अडकवणार. तिन्ही टोकांना आधी थोडं सोल्डर चढवा. पिनच्या पायांनाही. स्लीव्हच्या कानावर चकचकीत निकेल असेल तर सुरीच्या टोकाने थोडं खरवडा, मग फ्लक्स.

आता पिन एखाद्या जुन्या, निकामी ३.५ मिमी सॉकेटमध्ये खोचा आणि ते सॉकेट व्हाइसमध्ये धरा. याची दोन कारणं. पिनच्या आतले इन्सुलेशनचे काळे पट्टे प्लॅस्टिकचे असतात. जास्त तापले तर मऊ होऊन टिप वाकडी होते किंवा आतून रिंगला चिकटते. सॉकेटमध्ये असली की ती सरळ राहते आणि जादा उष्णता सॉकेट ओढून घेतं. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर, टिप आणि रिंगच्या पायांवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. न जमल्यास थांबा, गार होऊ द्या, परत करा. शेवटी स्लीव्ह, त्याला धातू जास्त म्हणून चार-पाच सेकंद लागतात.

जोडाकडे जवळून बघा. बरोबर बसलेलं सोल्डर पाण्यासारखं पायावर पसरतं, कडा पातळ होत जातात, आणि त्याखालून तारेच्या पदरांच्या रेघा पुसटशा ओळखू येतात. करड्या रंगाचा फुगीर मणी दिसला तर तार आत नुसती टेकलेली आहे, धरलेली नाही. फ्लक्स लावून पुन्हा तापवा.

स्लीव्हचे कान केबलच्या बाहेरच्या आवरणावर दुमडायचे, आतल्या कोअरवर नाही. पक्कडीने इतकंच दाबा की केबल ओढल्यावर सरकणार नाही. जास्त दाबलं तर कानाची कड इन्सुलेशन कापून कॉमनला डिटशी जोडते, आणि तो दोष महिन्याभराने उगवतो. मग इन्सुलेशनची नळी पुढे सरकवा, बजरने तपासा, आणि नंतरच टोपण लावा. टोपण लावल्यावर परत एकदा तपासा, कारण धातूचं टोपण स्लीव्हशी जोडलेलं असतं आणि आत उंच राहिलेला सोल्डरचा कंगोरा त्याला टेकू शकतो.

इअरफोनच्या तारेचं वेगळं दुखणं

काही हलक्या पॅडलना इअरफोनसारखी केबल असते. आत लाल, हिरव्या, तांबूस रंगाचे केसासारखे पदर आणि मधे नायलॉनचा धागा. हा रंग म्हणजे लाखेसारखं इन्सुलेशन आहे. तार सोललेली दिसते पण सोल्डर धरत नाही, आणि मीटर काही दाखवत नाही. सुरीने खरवडलं तर पदरच तुटतात. उपाय असा: आयर्न ३८० ते ४०० अंशांवर न्या, टोकावर सोल्डरचा ताजा थेंब घ्या, तारेला फ्लक्स लावा, आणि कापलेल्या टोकापासून थेंबात बुडवून हळूहळू वर सरकवा. सुरुवातीला बुडबुडे येतात, लाख जळते, धागा आकसतो, मग अचानक तार रुपेरी होते. नियंत्रित तापमानाचं आयर्न नसेल तर २५ वॉटच्या साध्या आयर्नवरही होतं, थोडा वेळ जास्त लागतो. खिडकी उघडी ठेवा, तो धूर छातीला वाईट. ॲस्पिरिनची गोळी वापरायचा सल्ला काहीजण देतात. त्याचा धूर आणखी झोंबतो आणि उरलेलं आम्ल तार खात राहतं. आमचं स्पष्ट मत: अशी तार फार तर त्या दिवसापुरती जोडा, घरी आल्यावर पूर्ण केबल बदला.

वाक पसरवणं

पिन बदलून इथेच थांबलात तर सहा महिन्यांनी पुन्हा हेच काम. सीमेवरचा वाक एका जागी न पडता दोन-तीन सेंटिमीटरवर पसरला पाहिजे. त्यासाठी नळ्यांच्या पायऱ्या करा. आधी ४.८ मिमीची १५ मिमी लांब नळी, अशी की अर्धी टोपणाच्या आत आणि अर्धी बाहेर. म्हणजे ही नळी टोपण लावण्याआधी आकसवावी लागते आणि टोपणाच्या मागच्या भोकातून ती जाते का हे आधी बघावं लागतं. मग टोपण लावून त्यावरून ६.४ मिमीची ३० मिमी नळी. टोपण जाड असेल तर त्याच्या मागच्या निमुळत्या भागावर चढेल एवढ्या मापाची. केबल वाकवून बघा: कमान दिसायला हवी, कोपरा नाही.

टोपणाच्या आत काही भरायचं झालं तर हॉट ग्लू चालतो. सिलिकॉन भरणार असाल तर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलंच घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि बंद टोपणात तांबं हिरवं करून टाकतं.

पॅडलच्या बाजूला, केबल कायमची ठेवणार असाल, तर पेटीच्या आत भोकाला लागून २.५ मिमी रुंदीचा केबल टाय घट्ट आवळा. बाहेरून ओढलं की टाय भिंतीला अडतो, जोडावर ताण येत नाही. गाठ मारली तरी चालते, पण छोट्या पेटीत गाठ पात्याच्या वाटेत येते. भोकाच्या कडा कानशीने गोल करा.

पक्का तोडगा: पॅडललाच सॉकेट

पोर्टेबल पॅडलला कायमची जोडलेली केबल नसावी, असं आम्ही आग्रहाने सांगू. पॅडलमध्ये ३.५ मिमीचं स्टिरिओ सॉकेट बसवलं की केबल म्हणजे दोन्ही टोकांना पिन असलेली साधी ऑक्स केबल. ती तालुक्याच्या मोबाइलच्या दुकानातही मिळते. तुटली तर दुसरी खोचा, संपलं. विकत घेताना पिनवर दोनच काळे पट्टे आहेत ना आणि टिप टिपशी, रिंग रिंगशी जुळते ना, एवढं मीटरने बघा. चार संपर्कांची केबल कधी चालते कधी नाही; तिचे पट्टे अरुंद असल्यामुळे संपर्क काठावर बसतात. तिच्यावर भरवसा नको.

चूडी आणि नट असलेलं पॅनेल सॉकेट घ्या, पीजे-३९२ नावाने मिळतं ते या कामाला बरोबर आहे. चूडी ६ मिमीच्या आसपास असते. भोक पाडण्याआधी हातातल्या सॉकेटची चूडी मोजा. भिंत जाड असेल, जसं थ्रीडी प्रिंट केलेल्या पेटीत असतं, तर नटला धरायला चूडी उरत नाही. मग आतून भिंत कोरून पातळ करावी लागते. पाच पायांचं सॉकेट हाती लागलं तर त्यातले दोन पाय आतल्या स्विचचे असतात, पिन घातली की सुटणारे. त्यांना तार जोडू नका. पिन आत खोचून, बजर लावून तीन खरे पाय शोधा.

पेटी धातूची असेल तर एक गोष्ट आधी तपासा. सॉकेटची चूडी स्लीव्हशी जोडलेली असते, म्हणजे नट आवळला की पेटी कॉमन होते. अनेक पॅडलमध्ये पेटी मुळातच कॉमन असते, तिथे काही बिघडत नाही. पण पेटी डिट किंवा डाच्या खुंटीशी जोडलेली निघाली तर सॉकेट लावताच तो संपर्क कायमचा बंद. पेटी आणि प्रत्येक तार यांच्यात बजर लावून बघा. अडचण असेल तर प्लॅस्टिकच्या चूडीचं सॉकेट किंवा नायलॉनचे वॉशर वापरा.

भोक पाडताना पाती, बिंदू आणि चुंबक काढून बाजूला ठेवा. न निघण्यासारखे असतील तर मास्किंग टेपने पूर्ण झाका. चुंबकाच्या पॅडलमध्ये लोखंडाचा एक कीस जरी शिरला तरी तो चुंबकाला चिकटून उभा राहतो, बिंदूंमधल्या फटीत पूल बांधतो आणि पातं न दाबता डिट लागतो. तो फुंकून जात नाही. चिकटपट्टीचा चिकट भाग लावून उचलावा लागतो. आधी ३ मिमीचं भोक, मग ६ चं. पीएलएची (थ्रीडी प्रिंटच्या नेहमीच्या प्लॅस्टिकची) पेटी साधारण ६० अंशांनाच मऊ पडते, म्हणून हीट गन तिच्याजवळ आणू नका आणि सोल्डरिंग सॉकेट पेटीबाहेर ठेवून करा. (याच कारणासाठी असं पॅडल उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नये.)

सॉकेटपासून बिंदूंपर्यंत आतल्या तारा मऊ, बारीक आणि थोड्या सैल ठेवा. ताठ तार पात्याच्या खुंटीला ढकलते आणि फट बदलते. काम झाल्यावर फट पुन्हा जुळवा. ८० जीएसएमच्या साध्या कागदाची जाडी जवळपास ०.१ मिमी असते, सुरुवातीला तेवढी ठेवून मग हाताला पटेल तशी बदला.

पेटीत सॉकेटला जागाच नसेल तर शेपटी करा. मूळ केबल पॅडलपासून ८-१० सेंटिमीटरवर कापा आणि तिच्या टोकाला तारेवर बसणारं ३.५ मिमीचं स्टिरिओ फीमेल सॉकेट लावा. भोक नाही, कीस नाही, अर्ध्या तासाचं काम. दिसायला तेवढं नीटनेटकं नसतं. पण कोणी केबलला अडखळलं की पिन सॉकेटमधून सुटते आणि पॅडल जागच्या जागी राहतं, हा मोठा फायदा. चुंबकाने चिकटणारे तीन पिनांचे कनेक्टर याच जागी लावले जातात. सुटायला ते अप्रतिम, पण स्प्रिंगच्या बारीक पिनांवर धूळ बसली की डिट गळायला लागतात, म्हणून लाल मातीच्या प्रदेशात फिरणाऱ्यांनी साधी पिनच ठेवावी.

६.३५ मिमीचा जॅक असलेल्या रिगला, उदाहरणार्थ आयकॉम आयसी-७३०० ला, ॲडॉप्टर स्टिरिओ हवा. ठोकळ्यासारखा सरळ ॲडॉप्टर लावण्याऐवजी १० सेंटिमीटरची तार करा, एका बाजूला पी-३८ स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला ईपी फीमेल. जॅकवरचं ओझं जातं.

रेडिओ लहरी केबलमध्ये शिरल्या तर

नवी केबल, सगळे जोड पक्के, मीटरवर निर्दोष, आणि तरी पॉवर वाढवली की आपोआप डिट सुटतात. हा सोल्डरचा दोष नाही. एंड-फेड अँटेना (एका टोकाला जोडलेली लांब तार) रिगच्या डोक्यावरूनच वर जात असते, तेव्हा पॅडलची केबलही अँटेनाचा भाग बनते. पॉवर कमी केल्यावर थांबतं का ते बघा. थांबलं तर निदान पक्कं. पहिला उपाय शील्ड असलेली केबल, शील्ड कॉमनला. दुसरा, ४३ किंवा ३१ मिक्सच्या (प्रकारच्या) फेराइटच्या कड्यावर रिगच्या टोकाजवळ केबलचे चार-पाच वेढे. तिसरा, डिट ते कॉमन आणि डा ते कॉमन १० नॅनोफॅरडचे (वर १०३ लिहिलेले) दोन सिरॅमिक कपॅसिटर, रिगकडच्या बाजूला. कपॅसिटरने कीइंग मंदावेल अशी भीती नको: रिगमधला पुल-अप रोधक (पॅडलच्या तारेवर व्होल्टेज ठेवणारा) १० किलो-ओहमचा धरला तर उशीर ०.१ मिलिसेकंद होतो, आणि २० च्या वेगातला डिट ६० मिलिसेकंदांचा आहे.

रिगवर लावून बघताना

ब्रेक-इन (पातं दाबताच रिग आपोआप प्रक्षेपणावर जाते ती सोय) बंद करा, म्हणजे साइडटोन (आपल्याच कळीचा रिगमधून येणारा आवाज) ऐकू येतो पण प्रक्षेपण होत नाही. पिन घालता-काढताना तिची टिप जॅकमधल्या इतर संपर्कांवरून घसरत जाते आणि क्षणभर भलतंच काहीतरी जोडलं जातं. ब्रेक-इन चालू असेल तर अँटेना नसलेल्या रिगवरही पॉवर सुटते. काही छोट्या रिग चालू होतानाच रिंगचा संपर्क तपासतात आणि तो बंद दिसला तर पॅडलऐवजी स्ट्रेट की समजतात. तिथे पिन आधी, पॉवर नंतर.

मग ‘५’ आणि ‘०’ सलग दहा दहा वेळा पाठवा, त्याच वेळी दुसऱ्या हाताने केबल पिनजवळ हलवत राहा. पाच डिट आणि पाच डा दर वेळी मोजून पाच आले पाहिजेत. त्यानंतर दोन्ही पाती दाबून धरा आणि आलटून पालटून येणारी लय मोडते का ते मिनिटभर ऐका. सॅकमध्ये ठेवताना केबल पॅडलभोवती आवळून गुंडाळू नका, हाताच्या पंजाएवढी सैल वेटोळी करा आणि पिन काढून वेगळ्या पिशवीत. दुसरी, तपासलेली केबल त्याच पिशवीत असू द्या, तिच्यावर तपासल्याची तारीख लिहून.